कॅमेरा चालवता येतो, पण फोटो कशाचे काढायचे तेच कळेना

सूतधागा

कॅमेरा घेऊन चौदा महिने झाले. एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स. अॅपर्चर (लेन्सचं भोक, एफ आकड्यांत), शटर (उजेड आत यायचा वेळ) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) यांचं एकमेकांशी असलेलं गणित समजलं आहे. पन्हाळ्यावरचा सूर्यास्त, रंकाळा, पंचगंगेचा घाट, फुलं, विसर्जन मिरवणूक असं सगळं काढून झालं. फोटो बरे येतात. लोक छान म्हणतात. दोन दिवसांनी मात्र मला स्वतःलाच ते पुन्हा उघडावेसे वाटत नाहीत. चार महिन्यांपासून कॅमेरा बॅगेत आणि बॅग कपाटात आहे.

प्रश्न दोन आहेत. एक, ५० मिमी एफ १.८ लेन्स घेतली तर हुरूप परत येईल का, की त्या पैशांत एखादा कोर्स करावा? दुसरा प्रश्न खरा. वर्षानुवर्षं टिकून राहणारे लोक कशाच्या बळावर टिकतात? रोज एक फोटो वगैरे उपक्रम करून बघितला, बाविसाव्या दिवशी सुटला.

राहायला इचलकरंजीत. घरामागेच वडिलांचे आठ जुने माग आहेत, दिवसभर खडखडाट. त्यामुळे घरी काही काढण्यासारखं नाही. बाहेर पडायला फक्त रविवारची सकाळ मिळते.

तिरीप

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे आणि तुम्ही ते अडचण म्हणून लिहिलं आहे.

आतापर्यंत काढलेल्या विषयांची यादी पुन्हा वाचा. पन्हाळा, रंकाळा, विसर्जन. यातल्या प्रत्येक ठिकाणी त्याच वेळी आणखी शंभर कॅमेरे असतात. तिथे तुम्हाला जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं, म्हणून फोटो कितीही नीट आला तरी तो तुमचा वाटत नाही. आठ मागांचं तसं नाही. आठातला एक बंद पडला तर तुम्हाला घरात बसून आवाजावरून कळत असणार. धोटा (आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा) अडकला की धागा तुटला, हेही बहुधा कळत असेल. कोणता माग सारखा कुरकुरतो, कोणाच्या हाताला तो ऐकतो, दुपारी तीनला ऊन कुठल्या खिडकीतून कुठल्या मागावर पडतं, हे बाहेरून आलेल्या कसलेल्या छायाचित्रकारालाही शिकायला सहा महिने लागतील. ते ज्ञान तुमच्याकडे फुकट आहे. फोटोग्राफीत टिकून राहण्याचं बळ येतं ते अशा ओळखीतून.

शिवाय वेळ कमी आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ मध्ये. धोट्याच्या मागांवर गावाच्या किती पिढ्या जगल्या ते तुम्हाला मी सांगायला नको. आता रेपियर आणि एअरजेट हे नवे माग येतात, त्यात धोटाच नाही. जुना माग भंगारात वजनावर गेला की तो चालवायची पद्धत, तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरची हातोटी, कांड्या (धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या गुंडाळ्या) भरायचं काम, वहिफणी म्हणजे मागात उभे धागे ओवणं, हे सगळं त्याच्यासोबत जातं. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून गुजरातेतल्या आणि मग इतर प्रांतांतल्या गावांमधली भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदण टिपायला सुरुवात केली ती याच जाणिवेतून. डोळ्यांदेखत ते पुसलं जात होतं. त्यांचा मूळ पिंड चित्रकाराचा आणि मुद्राचित्रकाराचा. कॅमेरा हाती राहिला तो नोंद करण्याच्या गरजेमुळे.

म्हणून लेन्स नको, कोर्सही आत्ता नको. आठवड्यातून एकदा, एकच तास, त्याच शेडमध्ये. एका तासात ३६ फोटो, त्याहून एकही जास्त नाही. आकडा फिल्मच्या रोलचा आहे आणि तो कामाचा आहे, कारण ३६ म्हटल्यावर बटण दाबण्याआधी थांबावं लागतं. दहा आठवडे करा. दर वेळी एकच गोष्ट ठरवून आत जा: आज फक्त हात, आज फक्त कांडी बदलण्याची क्रिया, आज फक्त दारातून येणारा उजेड. रोज एक फोटो हा उपक्रम बहुतेकांचा सुटतो, कारण त्यात विषय रोज नव्याने शोधावा लागतो आणि रात्री अकराला माणूस चहाच्या कपाचा फोटो काढून दिवस भरतो. एकाच विषयाकडे परत परत गेलं की आदल्या आठवड्यात काय राहिलं ते आठवतं, आणि पुढच्या रविवारी ते ओढून नेतं.

कातरवेळ

तिरीप यांचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. नाहीसं होणारं काही हाताशी असलंच पाहिजे असं नाही. आणि 'हे जपायला हवं' हे ओझं घेऊन नवशिका आत गेला तर फोटो माहितीपत्रकासारखे येतात. माग दिसतो, उजेड दिसत नाही. उजेड बघण्याचा आनंद हेसुद्धा पुरेसं कारण आहे. उजेडाची ओळख नसेल तर शेडमध्ये गेल्यावर पहिल्याच दिवशी निराशा होईल, कारण ती जागा अवघड आहे.

त्याआधी दोन रविवार हे करा. एक खिडकी निवडा, थेट ऊन न येणारी. टेबल खिडकीपासून दोन फुटांवर. त्यावर एक अंडं ठेवा, घरात चालत नसेल तर सोललेला बटाटा. गुळगुळीत, फिकट आणि गोल वस्तू हवी, म्हणजे उजेड कुठे संपून सावली सुरू होते ते स्पष्ट दिसतं. खोलीतले दिवे बंद. कॅमेरा स्टँडवर, लेन्स ५० मिमीच्या आसपास, एफ ८, आयएसओ २००, अॅपर्चर प्रायॉरिटी (म्हणजे शटर कॅमेरा ठरवतो). शटर कितीही लांबलं तरी चालेल, वस्तू हलत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही.

आता खिडकी वस्तूच्या बाजूला ठेवून एक फोटो, कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवून एक, वस्तूच्या मागे ठेवून एक. मग बाजूच्याच उजेडात, सावलीकडे वस्तूपासून वीतभर अंतरावर पांढरा ड्रॉइंग पेपर उभा करा आणि काढा. तो काढून तिथे काळी छत्री उघडी ठेवा आणि काढा. कागदाने सावली उजळते हे सगळे सांगतात. काळ्या छत्रीने सावली आणखी गडद होते आणि वस्तूला वजन येतं, हे फार कमी जण करून बघतात. मग टेबल सहा फूट आत ढकला आणि पुन्हा सगळं. खिडकीपासून आत गेलं की उजेड झपाट्याने कमी होतो आणि सावलीची कडही बदलते. हेच सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता करा.

वस्तूखाली पांढरं कापड असेल तर कॅमेरा फसतो, त्याला सगळं फार उजळ वाटतं आणि फोटो राखाडी येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक १ करा. काळ्या कापडावर उलट, उणे १. हे हाताला बसलं की शेडमध्ये काळवंडलेलं यंत्र आणि पांढरं कापड एका चौकटीत आल्यावर गोंधळ उडणार नाही.

कोर्सबद्दल: या दोन रविवारांनंतरही काय चुकतंय ते कळत नसेल तरच. तेव्हा निदान नेमका प्रश्न घेऊन जाल.

मागोवा

सगळ्यात आधी कॅमेरा कपाटातून बाहेर काढा! चार महिने बंद बॅगेत, त्यात पावसाळा गेला असेल तर लेन्सला बुरशी लागली असू शकते. लेन्स काढून, अॅपर्चर उघडं असताना मागून मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, स्वतः उघडू नका. बॅगेचं अस्तर ओल धरतं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की दाणे गरम करून वाळवायचे, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको.

सूतधागा

लेन्स स्वच्छ आहे. बटाट्यावर दोन रविवार काढले, छत्रीचा परिणाम बघून खरंच चकित झालो. मग शेडमध्ये गेलो. अडचणी अशा:

फोटोत आडवे काळसर पट्टे येतात, एकात आहेत तर दुसऱ्यात नाहीत. रंग हिरवट पिवळा, आणि खिडकीजवळ निळा. धोटा थांबलेला दाखवावा म्हणून शटर १/५०० केलं तर सगळं काळं, आयएसओ १२८०० वर नेलं तर दाणे. स्टँड लावून १/१५ वर काढलं तर मागही हललेला आणि भिंतही हललेली. ऑटोफोकस धाग्यांवर नुसता पुढे-मागे धावतो. शेडमध्ये ट्यूबलाइट आहेत, दोन ठिकाणी स्वस्तातले एलईडी बल्ब.

आणि एक. वडिलांची हरकत नाही, पण मी कॅमेरा घेऊन आलो की कामगार अवघडतात. काम सोडून उभे राहतात.

उभाधागा

तांत्रिक भाग मी घेतो. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

पट्टे आधी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते दिसत नाही. शटर १/१०० असेल तर एक पूर्ण लाट आत येते, १/५० असेल तर दोन, म्हणून सगळीकडे उजेड सारखा पडतो. १/५०० वर लाटेचा पाचवा हिस्साच मिळतो. त्यातही शटरची फट सेन्सरवरून सरकत जाते, म्हणून फोटोचा एक भाग उजळ क्षणी टिपला जातो आणि दुसरा अंधाऱ्या क्षणी. शेडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० यांवरच ठेवा, किंवा त्याहून संथ. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बंद करा, त्यात पट्टे जास्त येतात. काही कॅमेऱ्यांत फ्लिकर कमी करण्याची सोय असते, मेनूत शोधा.

रंगाचं कारण दोन प्रकारचा उजेड. ट्यूब हिरवट, खिडकीतला दिवसाचा उजेड तिच्या तुलनेत निळा. दोन्ही एकाच वेळी बरोबर करणं कोणत्याही सेटिंगला जमत नाही. उपाय जागेचा आहे. खिडकीजवळच्या मागावर काम करायचं तर वडिलांना विचारून तेवढी एक ट्यूब तासभर बंद ठेवा, आणि आतल्या मागांवर जायचं तर खिडकीकडे पाठ करून उभे राहा. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरा रंग आपोआप जुळवणं) बंद. मागाच्या जागी पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा, उरलेला हिरवा रंग नंतर टिंटच्या पट्टीने किरमिजीकडे थोडं सरकवून जातो. रंग बिघडला म्हणून कृष्णधवल करू नका. कृष्णधवल करायचं तर त्यासाठी वेगळं कारण हवं.

आता धोटा. धोट्याच्या मागात त्याचा वेग सेकंदाला साधारण १० मीटर धरा. १/५०० सेकंदात तो २ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे टोक पुसट. १/१००० वरही १ सेंटीमीटर. तुमच्या शेडमधल्या उजेडात अंदाजे १/५०, एफ ३.५ आणि आयएसओ १६०० च्या आसपास बरोबर एक्स्पोजर मिळत असेल, त्यामुळे धोटा गोठवण्याच्या नादाला लागाल तर फोटो काळे तरी येतील किंवा दाणेदार तरी. आणि गोठवून मिळणार काय? थांबलेला धोटा टेबलावरही काढता येतो. चालू मागाचा फोटो काढताना आधी ठरवा की तुम्हाला वेग सांगायचा आहे की त्या वेगासमोर शांत उभा असलेला माणूस. माणूस सांगायचा असेल तर १/८ वर या. ५२ इंची मागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला धोट्याला साधारण तेवढाच वेळ लागतो. धोटा धाग्यांच्या आडून जातो म्हणून त्याचा पट्टा फिकट येईल, पण पुढे-मागे होणारी फणी धुक्यासारखी दिसेल आणि तिच्यापलीकडचा चेहरा स्थिर. मात्र १/८ ला माणसानेही हलता कामा नये, म्हणून सात-आठ फोटो लागोपाठ घ्या, एक-दोन साधतील. हे ३६ च्या हिशोबात धरा. हात गाठ मारतानाचे हवे असतील तर १/१००. बोटं किंचित पुसट हवी असतील तर १/५०.

स्टँड फसला कारण जमीन थरथरते. आठ माग चालू असताना फरशी, भिंत, खांब सगळं कापतं आणि स्टँड ते थेट कॅमेऱ्यात पोचवतो. पायांखाली गोणपाटाच्या चार घड्या किंवा जाड रबराचे तुकडे ठेवा, मधला दांडा वर काढू नका, लेन्स १८ मिमीकडे ठेवा. तरीही जमलं नाही तर हातातच धरा. गुडघे किंचित वाकवून उभं राहिलेलं शरीर थरथर बऱ्यापैकी पिऊन टाकतं. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर १८ मिमीला १/८ हातात जमतो. भिंतीला टेकू नका.

ऑटोफोकस धावतो कारण हजारो सारखे धागे, त्याला धरायला कड मिळत नाही. एकच फोकस पॉइंट निवडून तो चेहऱ्यावर, मनगटावर किंवा मागाच्या लोखंडी कडेवर ठेवा. धागेच हवे असतील तर मॅन्युअल फोकस, पडद्यावर दृश्य मोठं करून.

खिडकी चौकटीत येत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ पासून सुरू करा. सावली रॉ फाइलमधून वर काढता येते, पांढरी फटक झालेली खिडकी परत येत नाही.

शेडमध्ये लेन्स बदलू नका, कधीच नाही. हवेत कापसाचे तंतू असतात आणि ते सेन्सरवर बसतात. आठवड्यातून एकदा एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग तपासा. रबरी फुंकणीने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा शिंतोडा उडाला तर खर्च वाढतो.

आणि हे तुम्हाला माहीत असेल, तरी डोळा कॅमेऱ्यात असला की विसरायला होतं: मागाच्या टोकाशी, धोट्याच्या रेषेत उभे राहू नका. धोटा उडाला तर त्या वेगाने अंगावर येतो. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा, गळ्यात लोंबता ठेवू नका, मागाच्या पट्ट्यात किंवा गिअरमध्ये अडकू शकतो. फ्लॅश अजिबात नाही. समोरचा दचकला तर त्याचा हात यंत्रात आहे.

तिरीप

कामगार अवघडतात, याकडे तांत्रिक अडचणींपेक्षा जास्त लक्ष द्या.

तुम्ही मालकाचे चिरंजीव आहात. तुम्ही 'फोटो काढू का' विचारल्यावर कामगाराला नाही म्हणणं सोपं नाही. शिवाय कॅमेरा म्हणजे कामावर नजर ठेवणं अशी शंका त्याच्या मनात येणं साहजिक आहे. म्हणून चालू पाळीत, वडिलांसमोर विचारू नका. चहाच्या सुट्टीत, एकेकट्याला विचारा. कशासाठी, कुठे दाखवणार, हे साध्या शब्दांत सांगा. इंटरनेटवर टाकणार असाल तर ते वेगळं विचारा, कारण घरी दाखवणं आणि गावाला दाखवणं यांत फरक आहे. जो कुरकुरत हो म्हणतो त्याला नाही समजा. कांडीवर काम करणाऱ्या बायकांना विचारताना घरातल्या कोणा बाईला सोबत घ्या. काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवा आणि कोणी काढून टाका म्हटलं तर त्याच्यासमोर काढून टाका.

पहिले दोन आठवडे कॅमेरा हातात असू दे आणि फोटो फक्त यंत्राचे काढा. लोकांना तुमच्या असण्याची सवय होते. तिसऱ्या आठवड्यात आधीच्या फोटोंच्या ४×६ प्रती घेऊन जा आणि ज्याच्या मागाचा फोटो त्याला द्या. ज्याने तो माग वीस वर्षं चालवला त्याला स्वतःच्या यंत्राचा फोटो आजवर कुणी दिलेला नसतो. त्यानंतर तो तुम्हाला सांगू लागतो की हा कोपरा काढा, हा भाग मी तारेने बांधलाय. इथपर्यंत आलात की विषय शोधायला लागणार नाही.

नोंदवही सोबत ठेवा. अमेरिकेत १९०८ पासून लुईस हाइन या छायाचित्रकाराने राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी सूतगिरण्यांमधली मुलं टिपली. मुलांची उंची तो स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून अंदाजाने मोजायचा आणि खिशातल्या वहीत नाव, वय, काम लिहून ठेवायचा. आज त्या फोटोंना जे वजन आहे त्यातलं बरंच त्या वहीमुळे आहे. तुम्ही तारीख, वेळ, मागाचा क्रमांक, कापडाचा प्रकार आणि माणसाने परवानगी दिली असेल तर नाव लिहा. त्याने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहा. मागाच्या भागांना तुमच्या शेडमध्ये जी नावं आहेत ती दुसऱ्या गावात वेगळी असतात आणि ती कुठेही छापलेली नसतात.

आपल्याकडे मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचं जे काम केलं ते बघा. एका दिवसात जाऊन काढून आणलेलं ते नाही. माणसं कॅमेऱ्यासमोर नटत नाहीत, कारण छायाचित्रकार पुन्हा पुन्हा आलेला आहे.

कातरवेळ

निवडीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि बहुतेकांची उमेद नेमकी तिथेच संपते. दहा आठवड्यांत ३६० फोटो होतील. काढल्या दिवशी निवड करू नका. तेव्हा फोटो काढताना झालेला खटाटोप आठवत असतो आणि खटाटोप जास्त तो फोटो चांगला वाटतो. आठवड्याने उघडा, दर ३६ मधून तीन ठेवा. बाकीचे पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. दोन ठिकाणी प्रत हवी, त्यातली एक संगणकापासून वेगळी.

दहा आठवड्यांनी तीस फोटो उरतील. त्यांच्या ४×६ इंचाच्या प्रती काढा. ही पायरी गाळू नका. मोबाइलच्या पडद्यावर भडक आणि ठळक फोटो जिंकतो. कागदावर, जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्यावर शांत फोटो बोलू लागतात आणि एकच गोष्ट सांगणारे तीन फोटो लगेच उघडे पडतात. त्यातले दोन उचला. बारा-पंधरा उरेपर्यंत उचलत राहा. शेवटी जे उरतं त्यात तुमची आवड दिसते, आणि ती ठरवून गेलात त्यापेक्षा वेगळी निघू शकते. हातांचे फोटो काढायला गेलात आणि उरले ते सगळे दारांचे, तर पुढचे दहा आठवडे दारांचे.

मापांचं गणित: तुमची फाइल ६००० × ४००० पिक्सेलची आहे. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ४×६ ला १८०० × १२०० पुरतात, १२×१८ ला ५४०० × ३६००, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यातून १२×१८ बिनधास्त निघतो. कॅमेऱ्याचं प्रमाण ३:२, म्हणून ४×६, ८×१२, १२×१८ ही मापं कापाकापीशिवाय बसतात. ५×७ आणि ८×१० मध्ये कडा जातात, आणि नेमका कडेला उभा असलेला माणूस कापला जातो. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगमानात करून द्या, लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. प्रती काळपट आल्या तर दोष बहुधा तुमच्या पडद्याचा असतो. पडदा फार उजळ ठेवून दुरुस्ती केली की फाइल प्रत्यक्षात गडद राहते. कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावरचं पांढरं त्याच्याइतकं होईपर्यंत उजेड कमी करा. हाताळायच्या प्रतींसाठी मॅट किंवा लस्टर कागद घ्या, ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात.

या दहा आठवड्यांत इंटरनेटवर काही टाकू नका. कौतुक मिळालेला फोटो निवडीत हट्टाने राहतो.

सूतधागा

सगळ्यांचे मनापासून आभार. १/५० वर पट्टे गेले. गोणपाटाचा उपाय अर्धा चालला, बाकी हातात धरून. ५० मिमीचा विचार सोडला आहे.

एक शेवटचं. सुट्टीच्या दिवशी आणि वीज नसते तेव्हा माग बंद असतात. वेळ मला तेव्हाच जास्त मिळतो. बंद शेडमध्ये काय करता येईल?

उभाधागा

बंद शेड ही पर्वणी समजा. जमीन स्थिर, तंतू खाली बसलेले, ट्यूब बंद करता येतात, म्हणजे उजेड एकाच प्रकारचा. स्टँड लावा, आयएसओ १००, एफ ८, शटर दोन-चार सेकंद गेलं तरी बेहत्तर.

या दिवशी वस्तूंचे फोटो काढा, पण एकाच पद्धतीने. जर्मनीतल्या बेर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, गॅसच्या टाक्या असे टिपले: ढगाळ दिवस, सपाट उजेड, वस्तू चौकटीच्या मधोमध, दर वेळी तशीच. एक टाकी बघून काही वाटत नाही. नऊ टाक्या ओळीने लावल्या की प्रत्येकीचा वेगळेपणा दिसायला लागतो.

तुमच्याकडे धोटे आहेत. शेडमधले सगळे गोळा करा, जुने आणि फुटकेसुद्धा. दाराच्या आत तीन फुटांवर, थेट ऊन पडणार नाही असं टेबल, त्यावर राखाडी किंवा कोरं, बिनधुतलेलं मांजरपाट. कॅमेरा वरून सरळ खाली, सेन्सर टेबलाशी समांतर, लेन्स ५५ वर, कारण १८ ला कडेच्या वस्तू ताणल्या जातात. पहिल्या धोट्यावर मॅन्युअल फोकस करून लेन्स तशीच ठेवा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, नाहीतर गडद धोटा आला की एक्स्पोजर बदलेल आणि ओळ जुळणार नाही. पेन्सिलने कापडावर दोन खुणा करा, प्रत्येक धोटा त्याच खुणांमध्ये, टोक त्याच दिशेला. शेजारी सहा इंची पट्टी ठेवून एक जास्तीची प्रत घ्या. दाराकडच्या बाजूने उजेड येईल आणि लाकडावरची झीज, बोटांनी गुळगुळीत झालेली जागा उठून दिसेल. ती दिसत नसेल तर विरुद्ध बाजूला कातरवेळ यांची काळी छत्री लावा.

हे झालं की कांड्या, मग जॉबरची हत्यारं, मग तारेने आणि सुतळीने केलेल्या डागडुज्या. डागडुज्या मागावरच काढाव्या लागतील, तिथे टॉर्चवर पांढरा कागद बांधून बाजूने उजेड द्या.

धोटे परत ठेवताना ज्याचा त्याच्या मागावर गेला पाहिजे. उचलण्याआधीच प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, माग क्रमांक लिहून.